यंत्रभागांचा परीक्षक : संगणक

मध्य रेल्वेच्या भांडुप स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडून लालबहादूर शास्त्री मार्गाकडे गेलात, की सिएटच्या टायर कारखान्यासारखा मोठा उद्योगही दिसतो आणि औद्योगिक वसाहतींतले छोटे गाळेही दिसतात. पुष्कळ गाळ्यांच्या जागी आता उंच इमारती आल्या आहेत. तरी यंत्रांची घरघर अजून पुरती थांबलेली नाही. असाच एक गाळा डोळ्यांसमोर आणा. तेथे पंपासाठी पोलादी शाफ्ट ग्राइंडिंग करून तयार होत आहेत, असे समजू.

गिऱ्हाइकाची अट अशी : शाफ्टचा व्यास ४९.९९० ते ५०.००० मिलिमीटर यांच्या दरम्यान हवा. म्हणजे सूट फक्त ०.०१० मिलिमीटर, अर्थात १० मायक्रॉन. या सुटीला कारखान्यात ‘टॉलरन्स’ म्हणतात. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. तेव्हा केसाच्या सातव्या हिश्शाएवढीच चूक येथे माफ आहे. शाफ्ट जाड झाला तर बेअरिंगमध्ये नीट बसणार नाही. बारीक झाला तर सैल बसेल, थरथरेल आणि पंप लवकर निकामी होईल.

शाळेतला स्क्रू गेज येथे चालेल का? त्याचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर. आपली सगळी सूटच त्याच्या एका भागाएवढी आहे! म्हणून कारखान्यात ‘गो’ आणि ‘नो-गो’ असे दोन जबडे असलेला गेज वापरतात. शाफ्ट पहिल्यात शिरला पाहिजे, दुसऱ्यात शिरता कामा नये. युक्ती साधी आणि स्वस्त आहे. पण ती केवळ पास किंवा नापास एवढेच सांगते, गुण सांगत नाही. शिवाय पाळी संपत आली की तपासणाऱ्याचा हात थकतो, नजर ढळते.

हेच काम संगणकाकडे कसे सोपवतात ते पाहू. शाफ्ट घसरगुंडीवरून एका खाचेत येऊन थांबतो. दोन्ही बाजूंनी दोन सुया त्याला हलकेच टेकतात. दोन कशासाठी? शाफ्ट किंचित एका बाजूला सरकला, तर एका सुईचे माप वाढते आणि दुसरीचे तेवढेच कमी होते. बेरीज मात्र बदलत नाही.

प्रत्येक सुईच्या मागे लोखंडाचा छोटा गाभा असतो व त्याभोवती तारेची तीन वेटोळी असतात. मधल्या वेटोळ्यात प्रत्यावर्ती वीजप्रवाह सोडतात. बाजूची दोन वेटोळी एकमेकांविरुद्ध जोडलेली असतात. गाभा बरोबर मध्ये असला की त्यांच्यातील विद्युतदाब एकमेकांना छेदतात व बेरीज शून्य होते. गाभा हलला की एक बाजू वरचढ ठरते. अशा रीतीने हालचालीचा विद्युतदाब झाला.

संगणकाला मात्र अंक हवेत. ते काम एक परिवर्तक मंडल करते. ते १२ बिटांचे असेल तर मापनाच्या पल्ल्याचे ४०९६ भाग पाडते. पल्ला १ मिलिमीटर धरला, तर एक भाग सुमारे पाव मायक्रॉनचा. संगणक अशी अनेक वाचने घेऊन सरासरी काढतो, ती मर्यादांशी ताडतो आणि विद्युतझडपेला आज्ञा देतो. दाबाखालच्या हवेने फळी हलते आणि शाफ्ट तीनपैकी एका पेटीत पडतो : योग्य, जाड किंवा बारीक. जाड शाफ्ट पुन्हा घासता येतो. बारीक झालेला बहुधा भंगारात जातो.

आता खरी गंमत पाहा. लांबीच्या मापनासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे तापमान प्रमाण मानतात. आपल्या गाळ्यात मात्र ३२ अंश आहेत. एक मीटर पोलाद दर अंशाला सुमारे ११.५ मायक्रॉन प्रसरण पावते. मग ५० मिलिमीटरचा शाफ्ट १२ अंशांनी किती वाढेल? ०.०५ × ११.५ × १२, म्हणजे जवळजवळ ७ मायक्रॉन. खरा व्यास ४९.९९५ असलेला निर्दोष शाफ्ट ५०.००२ दिसून नापास होईल, आणि ४९.९८५ चा सदोष शाफ्ट ४९.९९२ दिसून खुशाल पास होईल! संगणक कितीही हुशार असला तरी असा निकाल चुकीचाच. म्हणून शेजारी त्याच पोलादाचा, माप ठाऊक असलेला ‘मास्टर’ ठेवतात व अधूनमधून तो मोजून यंत्र जुळवतात. मास्टरही तेवढाच प्रसरण पावलेला असल्याने चूक वजा होते. मात्र ग्राइंडिंगहून नुकताच आलेला गरम शाफ्ट मास्टरच्या तापमानाला येईपर्यंत थांबावेच लागते.

आणि मास्टरची परीक्षा कोण घेतो? तो अंशांकन प्रयोगशाळेत तपासतात. अशा तपासण्यांची साखळी आपल्या देशात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते.

संगणकाचा आणखी एक फायदा म्हणजे त्याची स्मरणशक्ती. समजा, ओळीने मापे आली : ४९.९९३, ४९.९९४, ४९.९९६, ४९.९९७. सगळे शाफ्ट पास. पण व्यास वाढत चालला आहे. ग्राइंडिंगचे चाक झिजते आहे, ही त्याची खूण. पहिला शाफ्ट नापास होण्याआधीच कारागिराला सूचना मिळते. मापांच्या आलेखावरून असा धोका ओळखण्याची पद्धत अमेरिकेतील वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडली. तेव्हा आलेख हाताने काढत.

मग माणसाला काम उरले नाही का? उरले आहे. मास्टर जुळवणे, सुई झिजली का पाहणे, बिघाडाचे कारण शोधणे, ही कामे जाणत्या कारागिराचीच. फक्त गेज चालवणाऱ्या हाताला आता आलेखही वाचता आला पाहिजे.

एक प्रयोग करून पाहा. तिघा मित्रांनी एकाच नाण्याचा व्यास स्क्रू गेजने दहा-दहा वेळा मोजावा आणि एकमेकांना न दाखवता लिहून ठेवावा. मग तीसही मापे एकत्र मांडा. नाणे तर एकच होते. मग फरक कोठून आला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मापनशास्त्राचा पहिला धडा तुमचा तुम्हीच शिकलेले असाल.