आधी यंत्राचे ऐका

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत महिंद्रा, बॉश, सीएट अशा मोठ्या कारखान्यांबरोबरच सुटे भाग घडवणारी असंख्य लहान वर्कशॉप आहेत. ‘स्मार्ट फॅक्टरी’ म्हटले की तिथल्या मालकाला रोबो आणि न पेलणारे कर्ज दिसते. पण सुरुवात नव्या यंत्रापासून करायचीच नसते. असलेले यंत्र कधी चालले, कधी आणि का थांबले, हे सॉफ्टवेअरला कळणे ही पहिली पायरी. शिफ्ट संपताना आठवून भरलेल्या रजिस्टरात पाच-दहा मिनिटांचे थांबे निसटतात. यंत्र चालू राहण्याचे प्रमाण, त्याचा वेग आणि चांगल्या मालाचे प्रमाण प्रत्येकी ९० टक्के असले, तरी तिन्हींचा गुणाकार, म्हणजे यंत्राची एकूण कार्यक्षमता, जेमतेम ७३ टक्के भरतो. सगळे ठीक दिसत असताना पाव भागाहून अधिक क्षमता वाया गेलेली असते.

‘आमची यंत्रे जुनी, शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांची,’ ही तक्रार खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहेत. यंत्रांमधली माहिती इतरांना वाचता यावी म्हणून १९७९ मध्ये मॉडबस आणि १९९६ मध्ये ओपीसी ही मानके आली. पुढे ओपीसी यूए आणि सीएनसी यंत्रांसाठी एमटीकनेक्ट ही खुली मानके तयार झाली. यंत्रांना चालवणारे कंट्रोलर निराळे असले तरी त्यांची माहिती यामुळे एकाच सॉफ्टवेअरला वाचता येते. कंट्रोलरच नसलेल्या लेथच्या मोटारीच्या वायरवर करंट सेन्सर बसवला, तरी यंत्र कापते आहे, नुसते फिरते आहे की बंद आहे, याचा अंदाज येतो. मात्र खुले मानक न पाळणारे सॉफ्टवेअर घेतले, तर आपल्याच यंत्रांची माहिती पुरवठादाराच्या हाती अडकते.

कामगारांवर पाळत वाढेल, ही भीती अधिक गंभीर आहे. सेन्सरला थांबा कळतो, कारण कळत नाही. टूल तुटले, कच्चा माल आला नाही की वीज गेली, हे ऑपरेटरच सांगू शकतो. आकडे त्याच्या पगारकपातीसाठी वापरले, तर तो खरे कारण नोंदवणार नाही आणि सगळा खर्च फुकट जाईल. सायबर हल्ल्यांचा धोकाही खरा आहे. मार्च २०१९ मध्ये नॉर्स्क हायड्रो या बलाढ्य ॲल्युमिनियम कंपनीला अशा हल्ल्यानंतर काही ठिकाणी हाताने काम चालवावे लागले. म्हणून यंत्रांचे नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवावे आणि सुरुवातीला माहिती फक्त वाचावी, यंत्राला आज्ञा देऊ नये. ज्या यंत्रापाशी काम सर्वाधिक तुंबते ते आधी जोडावे, त्याचे आकडे ऑपरेटरलाच प्रथम दाखवावेत आणि थांबे कमी झाल्यावरच दुसऱ्या यंत्रावर पैसा घालावा. लहान उद्योजकाला झेपेल असा मार्ग हाच आहे.