यायाच्या वहीचे पुस्तक

ग्रीसमध्ये १९५९ सालापर्यंत बाजारात वजन ‘ओका’त होत असे. एक ओका म्हणजे ४०० द्रामी, आजच्या हिशेबाने साधारण १,२८० ग्रॅम. एखाद्या ग्रीक घरात आजीची, म्हणजे त्यांच्या ‘याया’ची, पाककृतींची जुनी वही निघाली तर तिच्यात ‘लोणी १०० द्रामी’ असे हमखास सापडते. ते झाले ३२० ग्रॅम. पण खालच्याच ओळीत साखर कॉफीच्या कपाने मोजलेली असते, तेल वाइनच्या ग्लासाने, आणि पिठापुढे आकडाच नसतो, ‘मावेल तेवढे’ एवढेच लिहिलेले असते. मेलबर्न, शिकागो किंवा न्यू यॉर्कच्या अस्टोरिया भागात वाढलेली नातवंडे अशी वही उघडतात आणि अडतात. मग कुणीतरी म्हणते, याचे नीट पुस्तक करू या. आपणच छापू, नातेवाइकांना देऊ, जमले तर चार प्रती विकूही.

असे पुस्तक घरच्या घरी तयार करणे पूर्णपणे शक्य आहे, आणि परदेशातल्या ग्रीक समाजात त्याची परंपराही आहे. न्यू यॉर्कजवळच्या हेम्पस्टेड इथल्या सेंट पॉल ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या बायकांनी घरोघरच्या पाककृती गोळा केल्या. त्यांच्या मंडळाचे ‘द कम्प्लीट बुक ऑफ ग्रीक कुकिंग’ हे पुस्तक १९९० मध्ये व्यावसायिक प्रकाशकाने काढले. मात्र पुस्तक करायचे म्हटले की बहुतेक जण आधी मुखपृष्ठ आणि छपाईच्या खर्चाकडे वळतात. माझ्या मते ते सगळ्यांत सोपे काम आहे, म्हणून ते शेवटी ठेवावे. खरे काम यायाच्या ओट्यापाशी आहे आणि ते तिच्या हयातीतच करावे लागते.

सुरुवात मापांपासून होते. यायाला ‘पीठ किती घालतेस?’ असे विचारून उपयोग नाही. ती ‘बघून’ म्हणेल, आणि ते खरेच असते. त्यापेक्षा तिचा नेहमीचा पाण्याचा ग्लास डिजिटल वजनकाट्यावर ठेवावा, काटा शून्यावर आणावा आणि ती जिथपर्यंत भरते तिथपर्यंत त्यात पाणी ओतावे. पाण्याचे जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. कॉफीचा कप, वाइनचा ग्लास, ती ज्याला ‘चमचा’ म्हणते तो चमचा, सगळ्यांची अशी मोजणी करून एक तक्ता तयार करावा. वहीची अर्धी कोडी इथेच सुटतात.

‘मावेल तेवढे’ पिठासाठी दुसरी युक्ती आहे. पिठाचा डबा मळायला घेण्यापूर्वी तोलायचा आणि मळून झाल्यावर पुन्हा तोलायचा. वजाबाकी केली की उत्तर मिळते. लाटताना भुरभुरायचे पीठ आधीच वेगळ्या वाटीत काढून द्यावे, नाहीतर तेही हिशेबात मिसळते. पालकाच्या पिटासाठी, म्हणजे सारण भरलेल्या पाईसाठी, घरी लाटायच्या फिलोचे, म्हणजे पातळ पारीचे, पीठ असे तीन वेगवेगळ्या दिवशी मोजले, तर तीन वेगळे आकडे येतील. हवा दमट असते, पिठाचा ब्रँड बदलतो. त्यामुळे पुस्तकात एकच आकडा छापू नये. इतक्यापासून सुरुवात करा आणि लागेल तसे इतक्यापर्यंत वाढवा, असे लिहावे. सोबत हाताला काय जाणवले पाहिजे तेही लिहावे. ग्रीक आज्या नीट मळलेल्या पिठाला कानाच्या पाळीइतके मऊ म्हणतात. हे वाक्य पुस्तकात जसेच्या तसे यायला हवे, कारण पीठ मळणाऱ्याला ग्रॅमच्या आकड्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

त्याच फिलोसाठी याया जे लाटणे वापरते, ते बारीक आणि लांबलचक दांड्यासारखे असते. पारी त्याच्यावर गुंडाळायची आणि दोन्ही तळवे मधून बाहेर सरकवत दांडा मागेपुढे फिरवायचा, म्हणजे पारी लांबीबरोबर रुंदीलाही पसरते. बाजारातल्या जाड लाटण्याने हे होत नाही. म्हणून दांड्याची जाडी आणि लांबी मोजून लिहावी, आणि तिच्या हातांचे एकामागोमाग चार-पाच फोटो घ्यावेत. तयार पिटाच्या देखण्या फोटोपेक्षा हे चार फोटो मोलाचे आहेत. मोबाइलचा कॅमेरा पुरतो. खिडकीचा उजेड बाजूने आला पाहिजे आणि डोक्यावरचा दिवा बंद हवा.

वहीत जे लिहिलेलेच नाही, ते शोधणे हे पुढचे काम. जुन्या वह्यांत सुपाच्या शेवटी नुसते ‘आवगोलेमोनो घाला’ असे असते. लिहिणारीला त्यापुढे सांगण्याची गरजच वाटत नव्हती. नातवाला मात्र सांगावे लागते: अंडी आणि लिंबाचा रस फेटायचा, त्यात गरम सूप पळीपळीने, बारीक धारेने, फेटत फेटत घालायचे, मग ते मिश्रण गॅस बंद केलेल्या पातेल्यात परत ओतायचे. त्यानंतर सूप उकळू द्यायचे नाही, नाहीतर अंडे फुटून गुठळ्या होतात. नाताळच्या मेलोमाकारोनाचेही तसेच. मध-साखरेचा पाक आणि बिस्किटे यांतले एक गरम आणि एक गार असावे लागते, तरच पाक आत मुरतो आणि बिस्किटाचा लगदा होत नाही. गरम कोणते आणि गार कोणते यावर घराघरांत मतभेद आहेत. पुस्तकात आपल्या घरची बाजू ठामपणे लिहावी.

जुन्या जिन्नसांकडेही लक्ष द्यावे लागते. पूर्वी काही बिस्किटांत लाकडाची राख भिजवून गाळलेले पाणी घालत. आज बरीच घरे संत्र्याच्या रसात खाण्याचा सोडा विरघळवून घालतात. खिऑस बेटाच्या दक्षिण भागातल्या झाडांचा मास्तिखा हा सुगंधी डिंक खलात नुसता कुटला तर बत्त्याला चिकटतो, म्हणून चिमूटभर साखरेबरोबर कुटायचा. उन्हाळ्यात उकडून तेल-लिंबाबरोबर खातात ती ‘व्लिता’ ही पालेभाजी आपल्या माठाच्या कुळातली आहे. मेलबर्नच्या ग्रीक दुकानात ती मिळाली नाही, तरी भारतीय दुकानात मिळू शकते. अशा भाज्यांची शास्त्रीय नावे परिशिष्टात द्यावीत. फेटाबद्दलही दोन ओळी हव्यात. २००२ पासून युरोपीय संघात हे नाव फक्त ग्रीसमध्ये, मेंढीच्या किंवा त्यात तीस टक्क्यांपर्यंत शेळीचे दूध मिसळून केलेल्या चीजलाच लावता येते. गायीच्या दुधाच्या पांढऱ्या चीजने खारटपणा आणि ओलसरपणा बदलतो, आणि पिटाचे सारण पाणचट होऊ शकते.

मग चाचणी. ज्याने तो पदार्थ कधीच केलेला नाही अशा एखाद्या भाच्याला किंवा सुनेला फक्त लिहिलेला कागद द्यायचा, आणि यायाने शेजारी बसून एक शब्दही बोलायचा नाही. हे तिला फार कठीण जाते. पण करणारा जिथे थांबून तिच्याकडे पाहतो, तिथेच कागदावर काहीतरी राहिलेले असते. कुटुंब दोन खंडांत विखुरलेले असेल तर चाचणी दोन्हीकडे घ्यावी. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा २० मिलिलिटरचा आणि अमेरिकेतला १५ चा. ऑस्ट्रेलियाचा कप २५०, अमेरिकेचा २३७. अमेरिकेत लोणी ‘स्टिक’मध्ये मोजतात, म्हणजे ११३ ग्रॅम. म्हणून घट्ट जिन्नस ग्रॅममध्ये आणि पातळ मिलिलिटरमध्ये द्यावेत. ओव्हनचे तापमान सेल्सियस आणि फॅरनहाइट अशा दोन्हींत द्यावे आणि ते पंख्याच्या ओव्हनसाठी आहे की साध्या, हेही सांगावे. दोहोंत साधारण वीस अंश सेल्सियसचा फरक धरतात.

आता मांडणी. बहुतेक पाकपुस्तके सूप, भाज्या, मांस, गोड अशा क्रमाने जातात. ग्रीक कुटुंबाच्या पुस्तकाला तो क्रम शोभत नाही असे मला वाटते. त्या घरातले जेवण चर्चच्या वर्षाप्रमाणे चालते, तेव्हा पुस्तकही त्याच क्रमाने लावावे. १ जानेवारीला संत बेसिलच्या नावाचा वासिलोपिता हा केक, त्यात दडवलेले नाणे. घरातला कर्ता तो कापतो: पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा मरियमचा, मग घराचा, आणि त्यानंतर वयाच्या क्रमाने एकेकाचा. या पाककृतीसमोर एक आखलेले कोरे पान सोडावे, वर्ष आणि नाणे कुणाला मिळाले ते लिहायला. पुढे ईस्टरच्या ४८ दिवस आधी ‘स्वच्छ सोमवार’ येतो. त्या दिवशी लागाना ही चपटी पाव-भाकरी, माशांच्या अंड्यांची तारामोसालाता आणि हलवा. मग दीर्घ उपास सुरू होतो: मांस, अंडी, दूध-दुभते आणि मासे वर्ज्य, शिंपले, कोळंबी, ऑक्टोपस मात्र चालतात. मध्येच २५ मार्चला माशाची मुभा असते, तेव्हा खारवलेला कॉड तळून लसणाच्या स्कोरदालियाबरोबर खातात. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी अंडी लाल रंगवतात. शनिवारी मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर घरी येऊन कोकराच्या काळीज-आतड्यांचे, शेपू घातलेले मागिरित्सा सूप पिऊन उपास सोडतात. मास्तिखा आणि माहलेपी, म्हणजे रानटी चेरीच्या बियांतला गर, घातलेला त्सुरेकी हा गोड पाव तेव्हाचाच.

असा क्रम लावला की एक गोष्ट आपोआप दिसते. या स्वयंपाकात उपासाच्या पदार्थांचा केवढा मोठा वाटा आहे! ऑलिव्ह तेलात टोमॅटोबरोबर शिजवलेल्या शेंगा, भेंडी, वांगी. चण्याचे, मसुराचे सूप. परदेशातल्या ग्रीक हॉटेलांच्या मेन्यूवरून याची कल्पना येत नाही. आणि एक पान कोलिव्हाचे हवेच. मृतांच्या स्मरणासाठी चर्चमध्ये नेतात ते हे उकडलेले गहू, डाळिंबाचे दाणे, बेदाणे आणि बदाम घातलेले. गहू उकडल्यावर रात्रभर कापडावर पसरून पुरते कोरडे करावे लागतात, नाहीतर वरची पिठीसाखर पाघळते. घरातल्या गेलेल्यांची नावे छापायची असतील तर ती याच पानावर शोभतील.

प्रत्येक पाककृतीच्या डोक्यावर ती कुठून आली हे दोन ओळींत सांगावे. वहीत जिरे घातलेले, खिम्याच्या लांबट गोळ्यांचे सुत्झुकाकिया असतील, तर ते स्मिर्नाचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमिरचे. १९२२ मध्ये ते शहर जळाले, आणि १९२३ च्या लोझान इथल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीच्या करारानंतर आशिया मायनर आणि आसपासच्या भागांतून ग्रीसमध्ये आलेल्या निर्वासितांची संख्या बारा लाखांच्या वर गेली. घरात दालचिनी, जिरे मुबलक वापरत असतील तर बहुधा पणजी त्यांच्यातली असते. विचारायचे असेल ते आजच विचारून घ्यावे.

सगळेच घरचे असते असेही नाही. मुसाका या वांगी-खिम्याच्या पदार्थावर बेशामेल या पांढऱ्या सॉसचा जाड थर असेल तर त्यामागे निकोलाओस त्सेलेमेंतेस या आचाऱ्याचा प्रभाव आहे. त्याच्या पाकपुस्तकावर ग्रीक गृहिणींच्या पिढ्या वाढल्या. वहीत त्याच्या पुस्तकातून उतरवलेला मजकूर असणे अगदी शक्य आहे. तो १९५८ मध्ये वारला, आणि युरोपीय संघात लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, म्हणजे २०२८ च्या अखेरपर्यंत. अमेरिकेत नुसत्या साहित्याच्या यादीवर कुणाचा हक्क नसतो, पण कृतीच्या लेखनावर असतो. म्हणून उतरवलेली कृती आपल्या घरी जशी होते तशी, आपल्या शब्दांत लिहावी आणि मूळ कुणाचे ते सांगावे. स्टुडिओत काढलेल्या जुन्या फोटोंचा हक्कही छायाचित्रकाराचा असू शकतो.

पुस्तक दोन लिप्यांत असेल तर आणखी एक बाब. १९८२ मध्ये ग्रीक लेखनातली जुनी स्वरचिन्हे जाऊन एकच आघातचिन्ह उरले. यायाचे लेखन त्याआधीचे असेल, तर ते जसेच्या तसे छापायला जुन्या चिन्हांचा फाँट लागतो. ग्रीक फाँट सोसायटीचा ‘जीएफएस दिदोत’ मोफत मिळतो आणि वाचायला सुरेख आहे. वहीची पाने मात्र ६०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवावीत, आणि तेलाच्या डागांसकट काही पाने पुस्तकात छापावीत.

उरली छपाई. तीन-चारशेहून कमी प्रती हव्या असतील तर मागणीनुसार छपाई करणाऱ्या सेवा परवडतात. ॲमेझॉन केडीपी, इनग्रॅमस्पार्क, लुलू, ब्लर्ब या त्यांतल्या माहितीतल्या. पुस्तकात ग्रीक लिपी असेल तर निवडलेली सेवा ती स्वीकारते का, हे आधी तपासावे. त्यांच्याकडे रंगीत फोटो चारच पानांवर असले तरी दर बहुधा संपूर्ण पुस्तकाचा रंगीत लागतो, त्यामुळे फोटो घालायचेच तर मोकळ्या हाताने घालावेत. फोटो ३०० डीपीआयचे हवेत आणि पानाच्या कडेपर्यंत जाणारे फोटो कडेबाहेर तीन मिलिमीटर जास्त. ओट्यावर पुस्तक सपाट उघडे राहिले पाहिजे, आणि नुसते गोंदाने चिकटवलेले राहत नाही. तारेची किंवा स्पायरल बांधणी सपाट राहते, पण तिला कणा नसल्याने कपाटात नाव दिसत नाही. शिवलेली बांधणी सर्वांत चांगली; ती बहुधा ऑफसेट छापखान्यात करून घ्यावी लागते आणि तिथे पाने सहसा सोळाच्या पटीत बसवावी लागतात. आयएसबीएन फक्त विक्रीसाठी लागतो. ग्रीसमध्ये तो राष्ट्रीय ग्रंथालयाकडून मिळतो, अमेरिकेत बाउकर कंपनीकडून विकत घ्यावा लागतो, आणि केडीपीने फुकट दिलेला दुसरीकडे वापरता येत नाही.

सूची सर्वांत शेवटी, पाने पक्की झाल्यावर करावी आणि तिच्यात पदार्थ, जिन्नस आणि सण या तिन्हींची नोंद असावी. मग एकच नमुना प्रत मागवून तिच्यावरून एक दिवस स्वयंपाक करावा. पहिल्या खेपेला प्रती थोड्याच काढाव्यात, कारण पहिल्या नाताळ-ईस्टरनंतर थोरल्या मावशीचा फोन येणारच, की पाकात लिंबाची साल राहिली. अशा दुरुस्त्या फाइलमध्ये करून दुसरी खेप छापावी, आणि हक्कांच्या पानावर आवृत्तीचा क्रमांक व वर्ष बदलावे, म्हणजे कुणाच्या घरी कोणती प्रत आहे ते कळते.