दारूच्या झाकणांचं शीड

लंडनच्या 'टेट मॉडर्न' संग्रहालयात टांगलेल्या, बाटल्यांची झाकणं जोडून केलेल्या त्या भल्यामोठ्या लाल शिडाचे फोटो ऑक्टोबर २०२३ पासून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरून झाले आहेत. १४ एप्रिल २०२४ ला प्रदर्शन संपलं. तरी एक तक्रार नोंदवून ठेवतो. शिल्पकार एल अनात्सुई यांचं हे काम ज्याने त्याने 'टाकाऊतून टिकाऊ'च्या खात्यात जमा करून टाकलं, शाळेतल्या आइस्क्रीमच्या काड्यांच्या घराशेजारी. एकदा तसं म्हटलं, की झाकणं कशाची होती हे कोणी विचारत नाही.

झाकणं दारूची आहेत. नायजेरियात खपणाऱ्या रम, जिन, ब्रँडीची. 'डार्क सेलर', 'इकोमोग' असली एकेक नावं. युरोपीय व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दारू उतरवली आणि बदल्यात माणसं नेली. ती कॅरिबियन बेटांवर उसाच्या मळ्यांत जुंपली, मळीची रम झाली, आणि रम पुन्हा माणसं विकत घ्यायला आफ्रिकेत. ऊस, मळी आणि दारूचं नातं कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला समजवायला नको. गंमत अशी, की टेट हे नावच मुळी हेन्री टेट या साखरसम्राटाचं. त्याने स्वतः गुलाम बाळगले नव्हते. ब्रिटिश मुलखातली गुलामगिरी संपली तेव्हा तो पोरसवदा होता. पण धंदा त्याच पायावर उभा राहिलेला. त्याच्या नावाच्या दालनात रमची झाकणं टांगणं म्हणजे घरी जाऊन जुनं खातं उघडणं.

अनात्सुई मूळचे घानाचे, जन्म १९४४ चा. १९७५ साली न्सुक्काच्या नायजेरिया विद्यापीठात शिल्पकला शिकवायला गेले आणि तिथलेच झाले. १९९८ च्या सुमारास गावाबाहेर त्यांना झाकणांनी भरलेली पिशवी सापडली. ती बरेच दिवस स्टुडिओत नुसतीच पडून होती.

असं एक झाकण हातात घेऊन पाहा. वर चकती, कडेला पट्टी, आणि बाटली उघडताना तुटते ती खालची कडी. न्सुक्कातली तरुण मुलं पट्टी कापून सपाट करतात, चकती चेपतात, कड्यांची जाळी करतात. कडेला भोकं पाडायची, तांब्याची तार ओवायची, पीळ द्यायचा. कुठे दारूचं नाव दिसतं, कुठे उलटी बाजू येऊन नुसती चांदी. अशी हजारो झाकणं जोडली, की पत्रा गोधडीसारखा घडी घालून खोक्यात भरता येतो.

तो कसा टांगायचा, हे मात्र अनात्सुई सांगत नाहीत. संग्रहालयाने आपल्या अकलेने चुण्या पाडाव्यात. त्यामुळे एकच काम दोन शहरांत दोन तऱ्हांनी दिसतं. कोट्यवधी मोजलेल्या वस्तूवरचा हक्क असा सोडून देणं मला झाकणांच्या करामतीपेक्षा मोठं वाटतं.

व्हेनिसच्या कलाप्रदर्शनाने (बिएनाले) २०१५ साली अनात्सुईंना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला, तेव्हा तिथे क्युरेटर होते नायजेरियाचे ओक्वुई एन्वेझोर. म्युनिकमधलं अनात्सुईंचं मोठं प्रदर्शन त्यांनी चिका ओकेके-अगुलू यांच्यासह उभं केलं. हे ओकेके-अगुलू न्सुक्कात अनात्सुईंचेच विद्यार्थी. प्रदर्शन चालू असतानाच, मार्च २०१९ मध्ये, एन्वेझोर गेले. आफ्रिकन काम म्हणजे हस्तकला, हा युरोपी समज मोडण्यात या माणसाचा वाटा मोठा, आणि आपल्याकडे त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही.

कौतुक पुरे. सुवर्णसिंह एकाला मिळतो, तार ओवणारे हात कितीतरी. शिल्पकलेत हे पूर्वापार चालत आलंय, कबूल. पण ज्या कामाचा सगळा बोलबालाच हातांच्या मेहनतीवर आहे, तिथे ते जास्त टोचतं. दारूच्या ब्रँडचं नाव त्या कामात वाचता येतं, जोडणाऱ्याचं येत नाही.

टेटमधल्या तीन कामांपैकी मधलं, 'द वर्ल्ड', मला पटलेलं नाही. (फोटोंवरून बोलतोय, मान्य.) जाळीचे माणसांसारखे आकार हवेत लोंबत होते आणि एका ठरावीक जागेवरून त्यांचा गोल जुळत होता. टांगणाऱ्याला मोकळीक देणाऱ्या माणसाने बघणाऱ्याला असं एका जागी उभं का करावं? शेवटची 'द वॉल' त्या मानाने भक्कम. छताकडून जमिनीपर्यंत काळा पडदा, पायथ्याशी लाटांसारखा फुगलेला, आणि मागच्या अंगाला सगळे रंग. खरी गंमत मागच्या बाजूलाच होती. बरेच जण पुढूनच फोटो काढून परतले.