वालाच्या मुळाशी

भाताची झोडणी उरकली की कर्जत-खालापुरातली खाचरं मोकळी दिसतात. कर्जतमध्ये राजनाल्याचं पाणी पोचतं तिथं उन्हाळी भात होतो. बाकीच्यांनी ओल उडायच्या आत वाल टाकायचा. पुढं पाऊस नाही. जमिनीतली उरलीसुरली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर त्या रोपानं शेंगा भरेपर्यंत तग धरायचा. डाळिंब्यांची उसळ चाखताना आपल्याला याची आठवण होत नाही.

या तग धरण्यात एक न दिसणारा भागीदार असतो. वालाच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र पिकाला देतात, पीक त्यांना साखर देतं. हा व्यवहार एकोणिसाव्या शतकातच उमगला होता. दुष्काळाशी जिवाणूंचं नातं मात्र फार उशिरा कळलं. मूळ कोरडं पडू लागलं की झाड स्वतःच इथिलीन नावाचा वायू तयार करतं. तो वाढला की मुळाची वाढ खुंटते, आणि तीही नेमकी पाणी शोधायच्या वेळी! मुळांभोवतीचे काही जिवाणू, ज्या पदार्थापासून हा वायू बनतो तोच खाऊन टाकतात, आणि मूळ खाली जात राहतं. कॅनडातल्या बर्नार्ड ग्लिक यांनी १९९८ साली ही मांडणी केली.

मी बँकेत होतो तेव्हा पीककर्जाचा काही भाग वस्तुरूपात दिला जाई. यादीत युरियाखाली जिवाणू खताची पाकिटं असत. एका गोदामात ती मी पत्र्याखाली, मेच्या उकाड्यात, गोण्यांवर रचलेली पाहिली. कागदोपत्री माल पोचला होता. आतले जीव बहुधा केव्हाच मेलेले. शेतकऱ्यांनी पाकिटं वापरली, फरक दिसला नाही, आणि ‘ते काळं पीठ कुचकामी’ हे मत गावात पक्कं झालं. हप्ता मात्र वसूल झाला. वसूल करणारा मीच.

२००६ साली ही खतं खत नियंत्रण आदेशाखाली आली. पावडरीच्या दर ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, असा दंडक झाला. पण दुकानाच्या फळीवर ते मोजणार कोण?

तेव्हा पाकीट सावलीतलं आणि मुदतीतलं घ्यावं. हरभऱ्याचं वालाला चालत नाही; चवळी गटातलं लागतं. बुरशीनाशक चोळायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. २५० ग्रॅमचं पाकीट गुळाच्या थंड पाण्यात कालवून १० किलो बियाण्याला चोळावं, सावलीत सुकवून लगेच पेरावं. ओलच संपली तर जिवाणू पाणी आणून देत नाहीत, हेही खरं.

खरेपणाची परीक्षा शेतातच होते. फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप मातीसकट अलगद खणून काढावं, मुळावरची गाठ नखानं फोडावी. आत गुलाबी दिसलं तर जिवाणू कामावर आहेत. पांढरं दिसलं, तर पाकिटाची पावती घेऊन दुकानात जावं.