लोडिंगची पंचवीस वर्षं

लखनौतही एक लालबाग आहे. तिथे राजा बसत नाही, पण हजरतगंजला लागून असलेलं नाझा मार्केट आहे. म्हणजे लखनौचा लॅमिंग्टन रोडच: रॅम, मदरबोर्ड, केबली आणि काउंटरवर कोपरं टेकून भाव करणारी गिऱ्हाइकं. कन्सोलवरचे गेम तबकडीऐवजी ड्राइव्हवरून चालवण्याचा इतिहास कंपन्यांच्या पत्रकांत एक आहे आणि अशा बाजारांत दुसरा.

सुरुवात 2000 सालच्या प्लेस्टेशन 2 पासून करू. जाड्या मॉडेलच्या पाठीमागे हार्ड डिस्कसाठी कप्पा होता. सोनीची स्वतःची 40 जीबीची डिस्क अमेरिकेत 2004 मध्ये ‘फायनल फँटसी इलेव्हन’बरोबर आली, आपल्याकडे तिचं नावही फारसं कुणी ऐकलं नाही. त्याच वर्षीच्या सडपातळ मॉडेलमधून तो कप्पाच गेला. उरले यूएसबी पोर्ट, आणि तेही 1.1 जातीचे, सेकंदाला जेमतेम एक-दीड एमबी देणारे. डीव्हीडी त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने वाचली जाई. तरीही ‘ओपन पीएस2 लोडर’ टाकून पेन ड्राइव्हवर गेम भरून देण्याचा धंदा चालला. फॅट32 मुळे 4 जीबीवरच्या गेमचे तुकडे करावे लागत, गेममधल्या चित्रफिती अडखळत. मग लोक ते का करून घेत? वेगासाठी नव्हेच. थकलेल्या लेन्सचा खर्च वाचे आणि गेम फुकटात पडत. हे दुसरं कारण बेकायदेशीर होतं आणि आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने डिजिटल कुलूप तोडण्यासाठीही शिक्षा आली.

अधिकृत मार्ग खऱ्या अर्थाने उघडला तो नोव्हेंबर 2008 मध्ये. एक्सबॉक्स 360 च्या नव्या अपडेटने अख्खी डीव्हीडी हार्ड डिस्कवर उतरवता येऊ लागली. मालकी पटवण्यासाठी तबकडी आत ठेवावीच लागे, पण तिचा घरघराट थांबला. गंमत अशी की ‘हेलो 3’ उतरवल्यावर उलट सावकाश उघडू लागला. तो मुळातच हार्ड डिस्कवर तात्पुरता साठा करून ठेवत असे. सगळा गेमच तिथे नेल्यावर एकाच डिस्कवर दुहेरी ओझं आलं. पाच वर्षांनी ‘जीटीए 5’ दोन तबकड्यांवर आला. पहिली उतरवणं सक्तीचं, दुसरी मात्र तबकडीवरूनच चालवलेली बरी. तीही उतरवली तर रस्त्याकडेची चित्रं उशिरा उमटत. म्हणजे ड्राइव्ह वेगवान असून भागत नाही, गेम कशासाठी लिहिलाय ते महत्त्वाचं.

प्लेस्टेशन 3 ची ब्लू-रे वाचायला संथ, त्यामुळे कित्येक गेमांनी इन्स्टॉल सक्तीचं केलं. ‘मेटल गियर सॉलिड 4’ मध्ये तेवढा वेळ नायक सिगारेट ओढत बसतो! प्लेस्टेशन 4 (भारतात जानेवारी 2014) पासून पर्यायच संपला: प्रत्येक गेम हार्ड डिस्कवर.

आणि तिथेच हार्ड डिस्कचं खरं दुखणं बाहेर आलं. तिचं वाचणारं डोकं आतल्या चकतीवर जागा शोधत फिरतं आणि वेळ खातं तो त्या शोधात. सोनीचे रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च 2020 च्या व्याख्यानात ‘स्पायडर-मॅन’चं उदाहरण दिलं: रस्त्यावरच्या टपालपेटीसारख्या वस्तूंचा डेटा डिस्कवर सुमारे 400 वेळा लिहून ठेवला होता, डोक्याला लांब जावं लागू नये म्हणून. गेम फुगण्याचं एक मोठं कारण हे. एसएसडीत फिरणारं काही नसल्याने ही उधळपट्टी संपते. मूळ प्लेस्टेशन 5 ची 825 जीबीची एसएसडी सेकंदाला 5.5 जीबी वाचते. 2019 च्या एका प्रात्यक्षिकात ‘स्पायडर-मॅन’मधल्या झटपट प्रवासाच्या लोडिंगचे 15 सेकंद 0.8 वर आले होते.

लखनौत काय, विदर्भात काय, उन्हाळ्यात वीज जातेच. गेम उतरत असताना वीज गेली की प्लेस्टेशन 4 पुन्हा सुरू होताना साठा तपासत बसतो. माझ्या मते टीव्ही-कन्सोलसाठी छोटा यूपीएस हा कुठल्याही ड्राइव्हपेक्षा आधीचा खर्च आहे.

या दिवाळीत पैसे घालणारच असाल तर जुन्या प्लेस्टेशन 4 मध्ये अडीच इंची साटा एसएसडी बसवा. फरक लगेच कळेल. प्लेस्टेशन 5 साठी एम.2 ड्राइव्ह चौथ्या पिढीचाच हवा, सेकंदाला 5,500 एमबीच्या वेगाचा आणि हीटसिंकसह. दुकानदार स्वस्तातला यूएसबी ड्राइव्ह पुढे करील. त्यावर प्लेस्टेशन 4 चे गेम चालतात. प्लेस्टेशन 5 चे फक्त ठेवता येतात, खेळता येत नाहीत.