बातमीचा सातबारा

सन २०२४ च्या फेब्रुवारींतील गोष्ट आमच्या कांदा पिकविणाऱ्या वाचकांच्या स्मरणांतून अद्याप गेली नसेल. कांद्याची निर्यातबंदी उठली, अशी बातमी त्या महिन्याच्या १८ तारखेस सर्वत्र पसरली. वृत्तपत्रांनीं ती दिली, दूरचित्रवाणीनें सांगितली आणि मोबाइलवरून ती घटकाभरांत वाडीवस्तीपर्यंत पोंचली. लासलगांवच्या बाजारांत १७ तारखेस क्विंटलमागें १,२८० रुपये असलेला भाव १९ तारखेस १,८०० रुपयांवर गेला. लागलीच केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनीं खुलासा केला कीं, बंदी उठलेली नाहीं. ती ३१ मार्चपर्यंत कायम आहे. पुढें मार्च संपण्यापूर्वींच ती पुढील हुकुमापर्यंत वाढविण्यांत आली.

ह्या दोन दिवसांत शेतकऱ्याच्या मनाची काय ओढाताण झाली असेल, तें आम्ही सांगावयास नको. त्या दिवसांत निघणारा रांगडा कांदा उन्हाळी कांद्याप्रमाणें चाळींत महिनोगणती टिकत नाहीं. काढला कीं तो लवकर विकावाच लागतो. भाव चढेल ह्या आशेनें माल थांबवावा, कीं आहे त्या भावांत मोकळें व्हावें, ह्या एका निर्णयावर हंगामाची कमाई अवलंबून असते. तो निर्णय खोट्या बातमीवर घेतला गेला, तर नुकसान भरून देणारा कोणीहि पुढें येत नाहीं.

एप्रिलांत निराळाच प्रकार घडला. सहा देशांस ९९,१५० टन कांदा पाठविण्यास परवानगी दिली असल्याचें २७ तारखेस सरकारनें प्रसिद्ध केलें, आणि बंदी सैल झाली असें समजून कित्येकांनीं आनंद मानला. वस्तुतः पूर्वीं वेळोवेळीं दिलेल्या परवानग्यांची ती मुख्यतः बेरीज होती. आंकडा खरा होता, परंतु लोकांनीं घेतलेला अर्थ खरा नव्हता. बंदी उठली ती ४ मे रोजीं, आणि तीहि टनामागें ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य व शेंकडा ४० निर्यात शुल्क ह्या अटींवर.

अशा अनुभवांनीं आमचे पुष्कळ बांधव राजकारणास विटले आहेत. सारे एकाच माळेचे मणी, असे उद्गार पारावर नित्य ऐकूं येतात. हा उबग अकारण आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु त्याचा एक परिणाम फार घातक होतो. पुढाऱ्याचें कांहींच ऐकावयाचें नाहीं असें ठरविणारा मनुष्य पुष्कळदां शेजाऱ्याच्या मोबाइलवर आलेल्या निनांवी मजकुरावर मात्र चटकन् विश्वास ठेवतो. पुढाऱ्यास निदान नांव असतें व पांच वर्षांनीं त्यास मत मागावयास यावें लागतें. निनांवी मजकुरास जाब विचारावयाचा कोणीं आणि कोठें?

जमीन घेतांना आपण दलालाच्या शब्दावर जात नाहीं. सातबारा व फेरफार पाहतों. बातमीचाहि असाच सातबारा असतो. निर्यातीची बंदी, परवानगी आणि किमान मूल्य हीं विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेनें ठरतात. शुल्क ठरतें तें अर्थखात्याच्या अधिसूचनेनें. सप्टेंबर २०२४ मध्यें किमान मूल्य रद्द झालें व शुल्क शेंकडा २० वर आलें. १ एप्रिल २०२५ पासून तें शुल्कहि गेलें. प्रत्येक बदलाचा कागद निघाला. त्यास क्रमांक असतो, तारीख असते, आणि भारताच्या राजपत्रांत तो इंटरनेटवर कोणासहि विनामूल्य पाहतां येतो. तेव्हां बातमी कानीं येतांच हुकूम कोणत्या खात्याचा, क्रमांक काय, अंमल केव्हांपासून, हे तीन प्रश्न विचारावे. फेब्रुवारींतील त्या बातमीमागें असा कागदच नव्हता.

बाजारभावाचेंहि तेंच. एखाद्या ट्रॉलीस मिळालेला सर्वांत चढा भाव मोबाइलवर फिरतो. राज्य कृषि पणन मंडळाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची आवक, किमान, कमाल व सर्वसाधारण दर हीं एकत्र दिलेलीं असतात. त्यांतील आवक व सर्वसाधारण दर हे दोन आंकडे पाहिल्यावांचून गाडी जुंपूं नये.

सरकारी कागद म्हणजे वेदवाक्य, असेंहि आमचें म्हणणें नाहीं. हुकूम काय आहे तें कागद सांगतो. तो योग्य आहे कीं नाहीं, तें आपणच ठरवावयाचें. आपल्या कारभाराविषयींचा मजकूर खरा कीं खोटा, हें सरकारच्याच पथकानें ठरवावें, असा नियम केंद्रानें २०२३ सालीं केला होता. मुंबईच्या उच्च न्यायालयानें तो २०२४ सालीं घटनाबाह्य ठरवून रद्द केला. म्हणून सरकारच्या म्हणण्याची पारख करण्याचीं साधनेंहि आपल्या हातीं असावींत. मंत्र्यांनीं लोकसभेंत दिलेलीं लेखी उत्तरें संसदेच्या संकेतस्थळावर वाचावयास मिळतात. उमेदवाराची मालमत्ता व त्याच्यावरील फौजदारी खटले त्याच्या प्रतिज्ञापत्रांत दिलेले असतात, व तें निवडणूक आयोग प्रसिद्ध करतो. जें कोठेंच सांपडत नाहीं तें २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वयें १० रुपयांच्या अर्जावर मागतां येतें, आणि ३० दिवसांत उत्तर देणें अधिकाऱ्यास भाग असतें.

हें सर्व प्रत्येकानें एकट्यानें करावें, अशी आमची अपेक्षा नाहीं. गांवोगांवच्या सोसायटींत वाचणारीं दोन तरुण मुलें असतातच. त्यांनीं आठवड्यांतून दोनदां राजपत्र व बाजारभाव पाहून, क्रमांक व तारखेसह फळ्यावर लिहून ठेवावें; ज्या बातमीचा कागद सांपडला नाहीं तिच्यापुढें तसें स्पष्ट लिहावें. एवढा फळा त्या फेब्रुवारींत गांवीं असता, तर कित्येकांचा कांदा अफवेच्या भरंवशावर पडून राहता ना. राजकारणाचा वीट आला म्हणून कागद पाहणें सोडूं नये, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. कारण हुकूम कोणीहि काढो, त्याची झळ आपल्याच खळ्यास लागते.