आधी कोण जागं होतं?

नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या वडनेरसारख्या गावात वावधानात गेलेली वीज परत येते, तेव्हा सगळी यंत्रं एकदमच जागी होतात. समजा, तिथल्या एका कार्यालयात लिनक्सवर चालणारा संगणक आहे. त्याला दोन नेटवर्क कार्डं. एक फायबरकडे जातं, दुसरं आतल्या प्रिंटरकडे. वीज आल्यावर इंटरनेट कधी चालतं, कधी चालत नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की बरं होतं. असा लहरी बिघाड दिसला, तर तारा बदलण्याआधी यंत्रं जागी होण्याचा क्रम तपासावा.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, कार्डं सापडतील तशी त्यांना नावं देतो: ईटीएच०, ईटीएच१. वर्गात आधी शिरेल त्याला हजेरी क्रमांक १ द्यावा, तशी ही रीत. ड्रायव्हर समांतर सुरू होत असल्यानं पहिलं कोण येईल याचा भरवसा नाही. नावांची अदलाबदल झाली, की फायबरची मांडणी प्रिंटरच्या तारेला लागू होते. लिनक्स सुरू होताना सेवा चालू करणाऱ्या सिस्टमडीच्या, जानेवारी २०१३मध्ये आलेल्या १९७व्या आवृत्तीनं कार्डाच्या जागेवरून नाव देणं सुरू केलं. ईएनपी३एस० म्हणजे क्रमांक ३च्या पीसीआय बसवरचं इथरनेट कार्ड. पण नवं कार्ड बसवलं की बसचे क्रमांकही सरकू शकतात. म्हणून मला कार्डाच्या स्वतःच्या ४८ बिटांच्या मॅक पत्त्याला बांधलेलं, आपण दिलेलं साधं नाव अधिक भरवशाचं वाटतं.

नाव पक्कं झालं तरी वेळेचा प्रश्न उरतोच. फायबरच्या टोकाला असलेल्या पेटीला जोडणी जुळवायला वेळ लागतो, आणि एसएसडी असलेला संगणक तिच्या आधीच तयार होऊन बसतो. दुसऱ्या खेपेला संगणक सुरू करताना ती पेटी जागीच असते, म्हणून दोष दिसत नाही. नुसत्या रीस्टार्टनं ही चाचणी होतच नाही. दोन्हींची वीज तोडून ती एकदम द्यावी लागते.

यावर सुरुवातीलाच तीस सेकंदांची झोप घालणारी स्क्रिप्ट हा सर्रास वापरला जाणारा उपाय आहे, आणि तो चुकीचाच आहे. पेटीला पस्तीस सेकंद लागले की तो फसतो. सिस्टमडीत सुरू होण्याच्या टप्प्यांना लक्ष्य म्हणतात. ‘नेटवर्क’ हे लक्ष्य गाठलं, याचा अर्थ नेटवर्क सांभाळणारी सेवा सुरू झाली, एवढाच. पत्ता मिळाला असा नव्हे. ज्या सेवेला खरोखर जोडणी लागते, तिनं ‘नेटवर्क-ऑनलाइन’ची वाट पाहावी. त्यासाठी ‘आफ्टर’ ही ओळ पुरत नाही, कारण ती फक्त क्रम सांगते. ते लक्ष्य मागवून घेणारी ‘वॉन्ट्स’ची ओळही लागते. नेटवर्क सांभाळायला सिस्टमडी-नेटवर्कडी वापरत असाल तर आणखी एक अडचण येते. प्रिंटरची तार काढलेली असेल, तर त्या कार्डासाठीही संगणक १२० सेकंदांपर्यंत खोळंबू शकतो. त्या कार्डापुढे ‘रिक्वायर्ड-फॉर-ऑनलाइन’ला ‘नो’ लिहिलं, की वाट पाहणं फायबरपुरतं उरतं.